स्वच्छ पाणी

पेताह तिक्वा शहरातल्या त्या कॉम्प्युटर केंद्रात मी तंत्रज्ञ म्हणून लागलो, तेव्हा तिथली पद्धत सरळ होती. वर्ष भरायच्या आत माणसाला एक तर क्वीउत द्यायची, म्हणजे नोकरीत कायम करायचं, नाही तर हातात नारळ द्यायचा. माझा आठवा महिना चालू होता. तिकडे आमच्या गावी, येरुहामला, आईने अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलं होतं की मुलगा कायम झाल्यातच जमा आहे. शुक्रवारी घरी गेलो की शेजारणी मला कायम झालेला समजूनच चहा द्यायच्या, आणि मी तो अर्धा ठेवून उठायचो.

कॉम्प्युटरची खोली तळघरात होती. खिडकी नाही, दार जड आणि आपोआप बंद होणारं. सकाळी आत शिरलो की बाहेर ऊन आहे की पाऊस ते संध्याकाळीच कळायचं. त्या वर्षी आलेलं यंत्र पाण्यावर थंड व्हायचं. टाकीतलं पाणी पंपाने नळ्यांतून प्रोसेसरपर्यंत जायचं, त्याची उष्णता घेऊन परत यायचं. टाकीच्या काचेवर लाल रेघ होती. पाणी रेघेखाली गेलं तर कॅनमधल्या डिस्टिल्ड पाण्याची भर घालायची आणि वहीत सही करायची, एवढं माझं काम. एवढंसुद्धा मला धड जमलं नाही.

फरशी पुसायला एक मावशी यायची. जन्म अलिबागकडचा, संसार मुंबईत, आणि आता बारा वर्षं या देशात. लोदहून दोन बस बदलून ती सगळ्यांच्या आधी हजर असायची. माझ्याशी फक्त मराठीत बोलायची, तेही ‘फर्स्टक्लास’ आणि ‘टायमावर’वालं. येता-जाता माझ्या आईची चौकशी करायची. तिला हिब्रू येत नाही असं केंद्राचे साहेब धरून चालले होते, मीही. तिला काही सांगायचं असलं की साहेब मला बोलवायचे. मी तिचा दुभाषा झालो होतो आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला मोठेपणा वाटायचा.

एकदा तिने विचारलं, या टाकीत काय असतं रे? मी झाकण उघडून दाखवलं. पाणी रेघेखाली गेलं की हे यंत्र मरतं, असं ऐटीत सांगितलं. कसलं पाणी, तिने विचारलं. डिस्टिल्डला मराठीत काय म्हणायचं? दहाव्या वर्षी ठाणं सोडून या देशात आलेल्या माझ्याकडे त्यासाठी फक्त हिब्रू शब्द होता, आणि समजावून सांगायचा कंटाळा आला. मी म्हटलं, “स्वच्छ पाणी.”

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी प्रोसेसर तापला आणि यंत्र स्वतःहून बंद पडलं. तासभर थांबून चालू केलं, वीस मिनिटांत पुन्हा बंद. वरच्या मजल्यावरून फोनवर फोन यायला लागले. मी फरशीच्या लाद्या उचलून गुडघ्यांवर बसलो. पंप फिरत होता. इमारतीचं थंड पाणी व्यवस्थित येत होतं. टाकी रेघेपर्यंत भरलेली. मग नळ्यांना हात लावून पाहिला. जाणारी गार, परतणारी चटका देणारी. म्हणजे पाणी होतं, पण पुरेसं फिरत नव्हतं. पंप थांबवून गाळणी काढली.

गाळणीवर क्षारांचा पांढरा थर होता. आईच्या किटलीत बसतो तोच, इथे सगळे ज्याला अव्नित म्हणतात तो. डिस्टिल्ड पाण्याने तो धरत नाही, नळाच्या पाण्याने धरतो. वही उघडली. दोन महिने रोज ‘पातळी ठीक’ आणि खाली माझी सही. भर घातल्याची नोंद एकही नाही. पंपाच्या सीलमधून थोडं पाणी नेहमीच झिरपायचं, पातळी उतरायलाच हवी होती. ती उतरत नाही म्हणून मी खूश होतो.

साहेब खाली आले. त्यांनी गाळणी बघितली, वही बघितली, माझ्याआधी खोलीत कोण येतं ते विचारलं आणि मावशीला बोलावणं धाडलं. ती हात पुसत आली. दार तिच्यामागे बंद झालं. साहेब मला म्हणाले, तिला विचार, तिने यात पाणी घातलं का.

ती हो म्हणाली तर तिची नोकरी गेली, आणि तिला झाकण कुणी दाखवलं हे निघालं की माझीही. त्या खोलीत मला एवढं कोंडल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं. मी तिच्याकडे वळून म्हटलं, “मावशी, नाही म्हणा.”

ती मला वगळून साहेबांकडे वळली आणि हिब्रूत म्हणाली, “मी घातलं. नळाचं, स्वच्छ पाणी.”

उच्चार कोकणातले, व्याकरण बिनचूक. बारा वर्षं या देशात राहिलेल्या बाईला भाषा येते का, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

“तुला कुणी सांगितलं?” साहेबांनी विचारलं.

माझ्याकडे ‘मी सांगितलं’ हे एकच वाक्य होतं आणि ते मला दोन्ही भाषांत येत होतं. मी गाळणीवरचा थर नखाने खरवडत राहिलो.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “मला टाकी रिकामी दिसली.”

स्वतःसाठी खोटं बोलायला नकार दिलेली बाई माझ्यासाठी बोलली, तेही माझ्याकडे न बघता.

गुरुवारपासून येऊ नकोस असं तिला सांगण्यात आलं. त्या वेळी साहेबांनी मला बोलावलं नाही. मी तीन दिवस नळ्या धूत होतो; तापमान जागेवर आलं. बुधवारी ती जायला निघाली तेव्हा मी तिला जिन्यात गाठलं आणि म्हणालो, मी अजूनही साहेबांना सांगतो. मला खरंच सांगायचं होतं का, कोण जाणे.

“राहू दे,” ती म्हणाली. “तू कायम व्हायची तुझी आई वाट बघते आहे.” दोन पायऱ्या चढून ती थांबली. “पण मग पाणी लागतं तरी कसलं रे?”

मी सांगितलं, पाणी उकळतात, वाफ होते, ती गार करून जे थेंब जमतात ते.

“वाफेचं पाणी,” ती म्हणाली. “असं म्हणायचं होतंस.”

महिन्याभराने मला क्वीउतचं पत्र मिळालं. आईने नवस केला होता म्हणून मलिदा केला, गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट मांडलं, शेजारणी जमल्या, ताटातला पहिला घास मला दिला. मी कायम झालो. त्या खिडकी नसलेल्या खोलीत पुढे एकवीस वर्षं काढली.

पत्र आलं त्याच आठवड्यात मी टाकीच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली होती, मराठीत: वाफेचं पाणी. ती वाचता येणारं माझ्याशिवाय तिथे आता कुणी नव्हतं.