न दिलेला अंतरा

दुपारी पावणेतीनला पद्मजा मगदूम स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकून आडवी होते, आणि कूस बदलायच्या आत तिचे गाण्याचे गुरू कबनूरकर बुवा घरात येतात. बुवांना जाऊन चार वर्षं झाली. आज त्यांची पुण्यतिथी आहे. साडेचारला इचलकरंजीतच, सूत व्यापाऱ्यांच्या सभागृहात, त्यांच्या नावाचा कार्यक्रम आहे आणि पहिलं गाणं पद्मजाचं आहे.

तिचे डोळे पुरते मिटलेले नाहीत. ओट्यावरचा पालथा कुकर दिसतोय, भिंतीला टेकवलेला तंबोरा दिसतोय, पंख्याचा वारा तळपायांना लागतोय. या सगळ्यातच बुवा आहेत. धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा, अनवाणी पाय. ते ओट्याजवळच्या स्टुलावर बसतात आणि पान मागतात. ती सांगते, पान नाही, या घरात कोणी खात नाही.

"बारा वर्षं शिकवलं," बुवा म्हणतात, "आणि मेल्यावरही पान-चुना स्वतःचाच आणायचा."

ते कनवटीची डबी काढतात आणि तिच्यातल्या पानाला अंगठ्यानं चुना लावत बसतात. ते कशासाठी आलेत हे पद्मजाला ठाऊक आहे. सकाळी श्रीकांतचा फोन येऊन गेलाय. श्रीकांत बुवांचा मुलगा, सुताचं दुकान चालवतो. मुलतानी रागातली ती चीज, ती बंदिश, सोडून दुसरं काहीही गा, असं त्याचं म्हणणं होतं.

ती चीज बुवांना त्यांच्या गुरूंकडून मिळालेली. पद्मजाला त्यांनी तिची स्थायी दिली, म्हणजे पहिला अर्धा भाग. अंतरा मागितला की म्हणायचे, पुढच्या वर्षी. आधी तिचा दम कमी पडत होता. मग आवाजाला धार नव्हती. पुढे पुढे कारण सांगायचंही त्यांनी सोडलं. अंतरा त्यांनी श्रीकांतला दिला. श्रीकांतनं गाणं कधीच सोडून दिलंय. त्याला तो अंतरा गाता येत नाही, पण आहे त्याच्याकडेच, कपाटातल्या शालूसारखा. शेवटी पद्मजानं स्वतःचा अंतरा बांधला, आणि आज ती तोच गाणार आहे. मग व्यासपीठावर बाबांचं नाव घेऊ नका, असं श्रीकांत म्हणाला. नावही घेणार आणि अंतराही गाणार, असं ती म्हणाली. फोन कुणी आधी ठेवला हे सांगता येणार नाही.

बुवा स्टूल मागे सरकवतात आणि पायांखाली माग सुरू होतात.

ओटा तिथेच आहे, पंखाही तोच आहे, पण ही बुवांची माडी आहे. खाली यंत्रमागांची शेड, वर शिकवणी. जमीन थरथरतेय. बाहेरचा माणूस इथे पाच मिनिटं बसला तर डोकं धरून उठायचा. बुवांनी मात्र त्या आवाजालाच शिकवणीला बसवलं होतं. पद्मजाकडून त्यांनी पहिलं वर्षभर नुसता 'सा' लावून घेतला. जबडा सैल सोड, जीभ खाली ठेव, श्वास बेंबीपासून घे, आणि मागांच्या गदारोळात आवाज जाईल एवढी फट शोध. समोरच्या भिंतीशी बसून ते ऐकत. ऐकू आलं नाही तर मान हलवत. ती चिडून ओरडली तर काठी आपटत. ओरडलीस की माग जिंकला, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरी कणीक मळतानाही तिच्या कानात खटखट चालू असायची. एके दिवशी तिला ती फट सापडली, आणि तेव्हापासून तिचा आवाज कुठल्याही सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत न ओरडता पोचतो. हे बुवांचं देणं आहे आणि ती ते नाकारत नाही.

"मग अंतरा का नाही दिलात?" ती विचारते.

ते दोघं आता खाली मागांमध्ये उभे आहेत. मागांवर सुताऐवजी तारा ताणलेल्या आहेत, पोलादाच्या आणि पितळेच्या. विणून निघणारं कापड गुंजतंय. प्रत्येक मागावर श्रीकांतच उभा आहे आणि प्रत्येकाच्या कानात कापूस आहे.

"दिला असता तर गेली असतीस," बुवा म्हणतात. "अंतरा मिळाला की शिष्य जिना उतरतो तो पुन्हा चढत नाही. मी नाही चढलो."

"मी आले असते."

"सगळे असंच म्हणतात. मीही म्हणालो होतो."

बुवांचा चेहरा आता म्हाताऱ्या माणसाचा, एकट्या माणसाचा दिसतो. एखादीनं पाय धरले असते. पद्मजा धरत नाही. ती सांगते की इतकी वर्षं ती अर्धीच चीज गायली. पुढचं येत नाही हे कळू नये म्हणून तिथे पोचलं की तारा उतरल्याचं निमित्त करून खुंट्या पिळत बसली. लोकांना वाटायचं बाई सुराला फार काटेकोर आहे.

बुवा हसतात. मग पान गालात सरकवून म्हणतात, "बरं. ऐक आता. देतो."

"नको."

"नको म्हणजे?"

"माझा झालाय. साडेचारला या ऐकायला, तिकीट नाही."

सभागृह आहे. सगळ्या खुर्च्या रिकाम्या आहेत आणि पहिल्या रांगेत कुकर ठेवलाय. बुवा व्यासपीठावर चढतात आणि तंबोऱ्याशी वाकतात. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो नेमक्या जागी सरकवला की तार गुंजते, काढला की नुसती ठक वाजते. बुवांच्या शिकवणीत त्या दोऱ्याला शिष्यानं हात लावायचा नाही, असा नियम होता. दोरा लावायला पद्मजा शिकली ती बुवा गेल्यावर, चुकत चुकत.

बुवा खर्जाच्या, सगळ्यात खालच्या सुराच्या तारेखालचा दोरा ओढून काढतात. तार मुकी होते.

"माझ्या तंबोऱ्यावर तुझा अंतरा नाही," ते म्हणतात.

"हा माझा आहे, बुवा. मिरजेहून मी आणलाय. तुमचा श्रीकांतच्या माळ्यावर आहे."

ती दोऱ्याचं दुसरं टोक धरते. बुवा सोडत नाहीत. तीही सोडत नाही. मग बुवा तोंड उघडतात. जबडा सैल, जीभ खाली, अगदी त्यांनीच शिकवलं तसं. ते अंतरा गायला लागतात. पण माग जोरात आहेत, तिला त्यांचे ओठ दिसतात, सूर येत नाही. थोडं पुढे झुकली तर ऐकू येईल. ती झुकत नाही. ती ताठ बसते, श्वास बेंबीपासून घेते आणि आपला अंतरा सुरू करते. ओरडत नाही. फट ओळखीची आहे. पंचमावरून निषाद, मग वरचा षड्ज, तिथे थोडं थांबून उतरणं. बुवांचे ओठ थांबतात. समेवर त्यांचा हात मांडीवर पडतो. दाद म्हणून की बास म्हणून, हे त्या खटखटीत समजत नाही.

वीज जाते. सगळे माग एकदम थांबतात.

पद्मजा चटईवर उठून बसते. पंखा थांबलाय, मान घामेजली आहे. उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. ती उघडते. आत पांढऱ्या सुताचा बोटभर दोरा आहे आणि त्याच्या टोकाला चुना लागलाय.

ती तंबोऱ्याजवळ जाऊन खाली वाकून पाहते. चार तारा, चार दोरे, सगळे जागच्या जागी. खर्ज छेडते. तो गुंजतो.

ओट्यावर फोन वाजून थांबतो. श्रीकांतचा निरोप आहे. बाबांचा तंबोरा माळ्यावरून काढलाय, व्यासपीठावर ठेवायचाय. खर्जाच्या तारेचा दोरा सापडत नाही. तुमच्याकडे एखादा आहे का?

अंतऱ्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. रिक्षा चारला येणार आहे. पद्मजानं अजून उत्तर दिलेलं नाही, आणि दोऱ्याच्या टोकाचा चुना अजून ओला आहे.