मुलीच्या मांडवात आईचं लग्न

माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी माझं लग्न ठरलं. नवरा तोच. म्हणजे ज्योतीचा बाप काशिनाथ, ज्याच्याबरोबर मी ज्योतीच्या जन्माआधीपासून संसार करतेय, तोच!

शहरातल्या माणसांना हे ऐकून घाम फुटतो, म्हणून आधीच सांगते. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे अशी जोडपी पाड्यापाड्यात सापडतील. दोघं एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी मान डोलावली, की संसार सुरू. लग्न सवडीनं. आमची सवडच झाली नाही. एका वर्षी वीटभट्टीवर गेलो, एका वर्षी नागलीचं पीक बुडालं, एका वर्षी सासूचा पाय मोडला. मग मी महिला संघटनेत काम करायला लागले आणि तिथं मला कळलं, की आपण जे करतोय त्याला विचार म्हणतात!

मग काय विचारता! गावोगाव बायकांना गोळा करायची आणि सुरू व्हायची. "बायांनो, घरात घडतं तेच राजकारण. आपला अनुभव हाच आपला अभ्यास. माझंच बघा, लग्नाच्या बेडीशिवाय ताठ मानेनं जगतेय!" पुण्याच्या मृदुलाताई बायकांच्या आयुष्याचा अभ्यास करायला आमच्याकडे येतात. त्यांनी माझं बोलणं रेकॉर्ड करून पुस्तकात माझ्यावर अख्खं प्रकरण लिहायला घेतलं होतं. माझे पाय जमिनीवर नव्हते. (भाषणं मात्र परगावातच. आपल्या पाड्यात आपलं कोण ऐकतं?)

तर त्या दुपारी अंगणात काशिनाथ मांडवावर फांद्या टाकत होता आणि आत बायका भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढत होत्या. लेकीचं लग्न, आई मागे कशी राहील? मी पदर खोचला, काडी पिठात बुडवली, तोच मागून आवाज आला.

"ठेव ती काडी खाली."

ही आयतीआजी, आमची धवलेरी. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, गाणी गाऊन. ती बाईच असते, आणि ती गायली नाही तर लग्न झालंच नाही.

"काय झालं, आजी?"

"चौक सवाशिणीनं काढायचा. तुझा लगीन झाला का?"

सगळ्या काड्या जागच्या जागी थांबल्या. आमच्या पाड्याला वाटायचं, हिचं लग्न माहेरी दाभोशाला झालं असणार. दाभोशाला वाटायचं, तिकडे सासरी झालं असणार. आणि आजी नेमकी आज खोलात शिरली होती.

"नाय झाला," मी म्हणाले.

"मंग पोरीचा कसा लावू? आधी आईचा, मंग पोरीचा. नायतर मी चालले घरी."

"आजी, हा बाईवर अन्याय आहे!"

"कोण करतंय अन्याय? मी बाई नाय?"

मी काडी खाली ठेवली. कारण "बघा, आमच्यात लग्नाचा अधिकारसुद्धा बाईच्या हातात!" असं प्रत्येक बैठकीत मीच ओरडून सांगायची. मृदुलाताईंना आजीचे फोटो काढायला मीच घेऊन आले होते. बाईच्या हातात सत्ता यावी म्हणून मी घसा कोरडा केला, आणि सत्ता आली ती थेट माझ्याच मानगुटीवर बसली.

कोपऱ्यात ज्योती हळद लावून बसली होती. सकाळी मोखाड्याहून वऱ्हाड निघायचं होतं. तिला मी किती वेळा समजावलं होतं, "राहा की दोघं, लग्न सवडीनं करा." तिचं एकच, "तुझी सवड मी बघितलीय. मला आत्ताच पाहिजे." आता आजीनं पिशवी उचललेली बघून तिचे डोळे भरले.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुझा विचार पुढच्या आठवड्यापासून परत चालू कर ना गं."

तरी शेवटची आशा म्हणून मी बाहेर धावले. "काशिनाथ, तू तरी आजीला सांग, आपल्याला हे नकोय."

तो शिडीवरून उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "मला चालंल."

"चालंल म्हणजे?"

"म्हणजे... मला पहिल्यापासून पाहिजेच होतं."

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"तू सगळ्या दुनियेचे अनुभव ऐकत फिरतेस. माझा कधी विचारलास?"

माझ्यामागे दारात आलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. तेवढ्यात लग्नाला म्हणून आलेल्या मृदुलाताईंनी हळूच रेकॉर्डर चालू केला!

मी माझ्या भावाला फोन लावला. "उद्या पहाटेच पोच. लग्न लागायचंय."

"ज्योतीचं ना? उन्हं चढल्यावर आहे की."

"माझं."

"दुसरं?"

"पहिलं रे, मेल्या!"

ही बातमी मांडवभर फिरायला कितीसा वेळ लागतो? धाकटा दीर डोकं खाजवत आला. "वहिनी, आमचं पण राहिलंय. त्याच मांडवात उरकू या." मागे जाऊ लाजत उभी. तिच्या कडेवर मूल. मग शेजारचं जोडपं आलं. ज्योतीची उरलेली हळद तिघींना पुरेना, तेव्हा वाटीत पाणी घालून वाढवली.

"वा!" ज्योती म्हणाली. "माझ्याच लग्नात मी शेवटची नवरी!"

मृदुलाताईंचा चेहरा मात्र पडला होता. "यमुनाबाई, त्या प्रकरणाचं आता काय करू?"

"लिहा ना, बाईनं लग्न मर्जीनं केलं."

"तुमच्या मर्जीनं?"

"आजीच्या. तीही बाईच आहे."

पहाटे मी मांडवात तोंड वाकडं करून उभी राहिले. निषेध दिसायला नको? पण आजीनं गाणं धरलं आणि गाता गाता माझ्या गेलेल्या आईचं नाव घेतलं. माझं लग्न राहिलंय हे माहेरी एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि ते बघायची तिनं किती वाट बघितली होती! मी अशी हमसून रडले, की भाऊ घाबरून पाणी घेऊन आला. शेजारी बघते तर काशिनाथ माझ्यापेक्षा मोठ्यानं रडतोय! मला त्याचं इतकं प्रेम वाटलं, की निषेध करायचा राहूनच गेला. आणि उन्हं वर आली तेव्हा माझ्या ज्योतीचं लग्न वेळेवर लागलं, अगदी झोकात.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, सूर्यमाळला बैठक होती. विषय, लग्न आणि बाईचा हक्क. माझे हात अजून पिवळेधमक. मी नेहमीच्या जोरात उठले. "बायांनो, लग्नात बाईनं..."

पुढे बसलेल्या एका म्हातारीनं माझ्या हातांकडे निरखून बघितलं. "थांब गो. तुझा लगीन कवा झाला?"

"याच आठवड्यात."

"मंग बस खाली. हळद तरी उतरू दे. आधी थोडा संसार करून बघ, मंग शिकव आम्हाला."

सगळ्या खो खो हसल्या. मी मुकाट्यानं खाली बसले. नव्या नवरीनं लाजायचं असतं म्हणतात, म्हणून थोडी लाजलेसुद्धा.