विमान पुढे, पंख मागे

आमच्या ह्यांनी मला भर चौकात टाकून दिलं आणि त्यात चूक माझीच होती, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

हे म्हणजे माझे यजमान. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात. हे विमान घेऊन आले. रिमोटवर उडणारं! ('उडणारं' हा त्यांचा शब्द.) पहिलं लिंबाच्या झाडात गेलं, दुसरं धरणाच्या पाण्यात, तिसरं विमानवाल्यांच्या क्लबातल्या एका गृहस्थांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या काचेवर. चौथं ह्यांनी स्वतः बांधायला घेतलं. आणि कुठे? माझ्या जेवणाच्या टेबलावर! आठ महिने आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवत होतो. पाहुण्यांनी टेबलाला हात लावला की हे ओरडायचे, "जपून हं, शेपटी ओली आहे!" शेवटी मी कडाडले, तेव्हा म्हणाले, "येत्या रविवारी उडवतो. नाही उडालं तर विमानं कायमची बंद. टेबल तुझं."

एवढी चांगली अट कोण सोडेल? मी म्हटलं, मीही येते. टेबल परत मिळताना मला डोळ्यांनी बघायचं होतं.

विमान न्यायचं होतं खडकवासल्याच्या अलीकडच्या माळावर, तेही सकाळी वारा सुटायच्या आत. आमच्याकडे चारचाकी आहे, पण सदाशिव पेठेत ती जागेवरून हलवली की परत जागा मिळत नाही, म्हणून ती आम्ही हलवत नाही. तेव्हा मोटरसायकल! विमानाचं धड गाडीच्या बाजूला सुतळीने बांधलं. ते बसेना, म्हणून ह्यांनी आरसा काढून ठेवला. रिमोट, बॅटऱ्या आणि माझी पर्स ह्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये. उरले पंख. पंख म्हणजे दोन नव्हेत, सहा फुटांची एक सलग फळी! ती मी मागे बसून उभी धरायची.

"आणि हे कशात गुंडाळलंय?" मी विचारलं.

"चादरीत."

"ही माझी दिवाळीची चादर आहे! अजून एकदाही अंथरली नाहीये मी!"

"मऊ आहे ना, म्हणून घेतली."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आता घरी परत येईपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही!"

"बरं," हे म्हणाले.

ह्या 'बरं'ने मला जेवढं छळलंय, तेवढं माझ्या सासूबाईंनीसुद्धा छळलं नाही.

निघालो. पंखात वारा भरला की मी डावीकडे, गाडी उजवीकडे. प्रत्येक सिग्नलला कुणीतरी काच खाली करून "आडवं धरा", "उभं धरा", "घरी ठेवा" असा सल्ला देणारच. माझे हात भरून आलेले, तोंड बंद, आणि पुढे हे हेल्मेटच्या आतून हवेचा दाब समजावून सांगतायत! दांडेकर पुलाच्या सिग्नलला एक रिक्षा इतकी चिकटून थांबली, की तिचं टप पंखाला खर्रकन घासलं.

"ओ काकू, ते झाड जरा आत घ्या!" रिक्षावाला म्हणाला.

झाड? मी खाली उतरले. (अबोला ह्यांच्याशी होता, रिक्षावाल्याशी नव्हता.) "डोळे आहेत की बटणं? सबंध रस्ता पडलाय, तो दिसत नाही? सहा फुटांची वस्तू दिसत नाही?" सकाळपासून साठलेलं सगळं मी त्या बिचाऱ्याला ऐकवलं. त्यातलं निम्मं तर ह्यांच्या वाटणीचं होतं. तेवढ्यात सिग्नल सुटला. मी वळून पाहिलं, तर मोटरसायकल चालू लागलेली!

खरं सांगते, एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. 'अहो' अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलणार नाही म्हटलं होतं ना! गिळलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझे यजमान, माझी पर्स आणि माझा फोन सिंहगड रस्त्याकडे वळले.

आता कुणाचा फोन मागून कळवायचं, तर ह्यांचा नंबर पाठ कुणाला आहे? मला पाठ आहे तो आमचा लँडलाइन, आणि तो केव्हाच काढून टाकलाय.

तिथेच फुटपाथवर मला साक्षात्कार झाला. पंख माझ्या हातात आहेत! पंखांशिवाय विमान उडत नाही! हे ओझं इथेच भिंतीला टेकवायचं आणि चालत घरी जायचं. संध्याकाळी टेबलावर बसून पिठलंभात! मी पंख टेकवलेसुद्धा. एवढ्यात एक स्कूटरवाले गृहस्थ थांबले.

"मखर छान आहे हो. कुठे मिळालं?"

"मखर?" माझा आवाज चढला. "विमान आहे हे! आठ महिने खपलेत त्यासाठी!"

"हे? उडतं का?"

"न उडायला काय झालं!" मी ओरडले.

ते गृहस्थ हसले. नुसतेच हसले आणि निघून गेले! माझ्या घरातल्या माणसाला मी वाटेल ते बोलेन. पण हा कोण टिकोजीराव? पंख उचलले आणि पाहिलं, तर मघाचाच रिक्षावाला पुढे कडेला थांबून टप तपासत होता.

"खडकवासला!" मी म्हटलं.

"हाफ रिटर्न पडेल. येताना रिकामं यावं लागतं."

"यजमानांना द्यायला लावते. आधी चला!"

निम्मे पंख आत, निम्मे बाहेर. पण माणूस माझ्याच जातकुळीतला निघाला. धायरीपर्यंत तो प्रत्येक गाडीवाल्यावर खेकसत होता, "दिसत नाही का? विमान आहे!" राहिलेल्यांवर मी खेकसत होते.

माळावर हे फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते, आणि माझा फोन त्यांच्याच पाठीवर वाजत होता.

"आलीस? पंख ठीक आहेत ना?" (आधी पंख!)

"अहो, मी मागे नाही हे कळलं नाही तुम्हाला?"

"तू बोलणार नव्हतीस ना. मला वाटलं, पाळते आहेस."

"गाडी हलकी लागली नाही?"

"लागली ना! एकदम हलकी." ह्यांचा चेहरा उजळला. "मला वाटलं, पंख उचल देतायत. म्हटलं, डिझाइन जमलं!"

रिक्षावाल्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

पंख बसवले, विमान धावलं आणि उडालं! मेलं खरंच उडालं. दोन गिरक्या घेऊन ते थेट बाभळीकडे निघालं, तेव्हा सबंध माळावर एकच आवाज घुमला, "अहो, झाड! वर घ्या, वर!" तो आवाज माझा होता. ह्यांनी वर घेतलं. विमान सुखरूप उतरलं आणि सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या, तर मी. टेबल गेलं हे माझ्या लक्षात आलं, ते टाळ्या वाजवून झाल्यावर.

सध्या टेबलावर पाचवं विमान आहे. ह्याचे पंख मधोमध सुटे होतात आणि सॅकमध्ये मावतात. असं का केलं म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "मागे बसणारं माणूस भरवशाचं नाही. मधेच उतरतं."

तेव्हापासून मी पुन्हा कडक अबोला धरलाय. अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.