लघवी धरून पडलेल्यांच्या गप्पा

दोन तास लघवी धरून पडायचं असलं, की मुकं माणूससुद्धा बोलायला लागतं. आमचे किस्से असेच साठले. मूत्राशयाच्या कॅन्सरचे आम्ही म्हातारे-म्हाताऱ्या दर आठवड्याला गुलबर्ग्याच्या दवाखान्यात जमायचो. लहान पोरांना दंडावर देतात ती टीबीची लस आमच्या मूत्राशयात नळीनं सोडायचे, ती दोन तास आत धरायची. लागू पडली तर मूत्राशय वाचतं, नाहीतर काढावं लागतं.

*

पहिल्याच दिवशी डॉक्टर माझ्या पोराला बाजूला घेऊन कुजबुजायला लागले. मी शाळेची पायरी चढले नाही. हुलसूरच्या बाजारातल्या पाट्या वाचून अक्षरं शिकले, मराठी अन् कन्नड दोन्ही. म्हटलं, "साहेब, रक्त माझ्या लघवीत दिसलं, त्याच्या न्हाई. मला सांगा."

तेव्हापासून ते खुर्ची माझ्या खाटेजवळ ओढतात.

*

शेजारच्या खाटेवर दुबलगुंडीचे नागप्पा अण्णा. लघवीतून रक्त जायचं, पण दुखत नव्हतं. उष्णता असेल म्हणून त्यांनी पावसाळाभर सब्जा खाल्ला. त्यांची बायको गुरूबाई अक्का म्हणायची, "सब्जानं रक्त थांबलं असतं तर एवढे दवाखाने कामून बांधले असते?"

*

औषध सगळीकडं लागावं म्हणून सिस्टर सारखी कूस बदलायला लावायची. अण्णा कुरकुरले, "भाकरीगत उलटायलेत."

"भाकरी तव्यावर गप बसती," मी म्हटलं. "तुमी बोलायलाव."

*

माझी दुर्बिणीची तपासणी चांगली निघाली. अण्णांची नाही. डॉक्टर म्हणाले, आजार खोल गेलाय. वय झालं तरी हृदय दणकट आहे, मूत्राशय काढू, लघवीसाठी पोटावर पिशवी लावू. नाही काढलं तर पसरेल.

अण्णा नाही म्हणाले. लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग रोज तळहातावर घेऊन पूजा करणारा माणूस. "कंबरेला मूत बांधून लिंगाला हात लावू व्हय? त्यापेक्षा मरण बरं." पोरं रडून थकली.

अक्का जेवणाचा डबा आवरत होती. मान वर न करता म्हणाली, "लिंगवंताला सुतक न्हाई, विटाळ न्हाई, असं गावभर सांगत फिरलाव. पाळीतल्या सुनेला पूजेला बसवलाव. आता एवढ्याशा पिशवीचा विटाळ कुठनं आणलाव?"

 अण्णांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

"मी लिंग डाव्या हातावर घेतो. पिशवी उजवीकडं लावा."