सात बिया

मे महिन्यातला शेवटचा रविवार. रक्कम पाचशे सत्तर रुपये. हजर: मी, माझी दहा वर्षांची लेक, मुंबईहून आलेली बारा वर्षांची पुतणी आणि काजू बी विकत घेणारा व्यापारी.

आमच्याकडे हंगाम उठला की झाडाखाली उरलेली बी पोरांची. दोघींनी महिनाभर ती वेचली होती. पावसाळी मासेमारीबंदीआधीच्या शेवटच्या फेरीला लेकीच्या मामाच्या होडीत एकच जागा होती. जिची बी जास्त भरेल, तिने जायचं असं ठरलं होतं.

दुपार जड झाली होती. अंगणात फणसाचा वास साचला होता आणि माडांपलीकडे समुद्र झोपेत कूस बदलावी तसा वाजत होता. काट्यावर आलेली शेवटची शून्यं लिहायचा व्यापाऱ्याला कंटाळा. त्याने चिठ्ठ्या दिल्या: पुतणीला २.३५ किलो, लेकीला २.४.

"पस्तीस मोठे की चार?" पुतणी नाचायला लागली. "होडीत मी!"

लेक पायरीवर जाऊन बसली. पहाटे उठून वेचणारी ती होती.

"अगो, तुजी जास्त आसा," मी म्हटलं.

"बाबा, तुमीच शिकवलास ना, पॉइंटाफुडचे पैसे म्हणान? माजे दोन रुपये चार पैसे."

चूक माझी होती. रुपये-पैसे सांगून मी दशांश शिकवला होता. चार म्हणजे चाळीस पैसे, हे सांगायचं राहिलं होतं. आणि या पोरींनी पैशाचं नाणं पाहिलंय कुठे!

मी काटा पुढे ओढला. एकेक बी टाकत गेलो. सात बिया झाल्या तेव्हा ०.०४० दिसलं.

"तुका वाटता ते ह्यां," मी म्हटलं. मग ओंजळींनी टाकत राहिलो. ०.४०० आलं तेव्हा काट्यावरची छोटी परात भरली होती. "आणि तुजां खरां ह्यां."

ती परातीकडे पाहत राहिली. मग चिठ्ठीवर चारपुढे तिने स्वतःच शून्य काढलं. ४० आणि ३५. पुतणीने वाकून पाहिलं.

"फक्त नऊ बियांनी हरले, काका?"

"साधारण नऊच."

"मग येताना मला मोठा बांगडा आण हं," ती लेकीला म्हणाली.

संध्याकाळी होडी सुटली. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं, त्यामुळे लेक हवेतच बसल्यासारखी दिसत होती. एका हाताने काठ धरलेला, दुसरी मूठ घट्ट मिटलेली. त्या मुठीत पहिल्या सात बिया होत्या. त्या मोजून झाल्या होत्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या होत्या.

व्यापारी पुन्हा आला तेव्हा मी लेकीला त्या सात बियांचा हिशेब करायला लावला. किलोला एकशे वीस. तिने ४.८ लिहिलं आणि न अडता वाचलं, "चार रुपये ऐंशी पैसे."

त्या रविवारी त्याने पुतणीला दिले होते दोनशे ब्याऐंशी, लेकीला दोनशे अठ्ठ्याऐंशी. आता लेकीकडून व्यापाऱ्याला पाच; परत द्यायला वीस पैसे सुटे त्याच्याकडे नव्हते.