आत्याचा गंगेचा गडू

आज डोंबिवलीच्या घरी चिंचेने तांब्याची भांडी घासताना त्या आंबट वासाने मला आत्याच्या अखेरच्या सकाळपाशी नेले. तिने काशीहून आणलेला, वर्षानुवर्षे चिंचेने घासून ठेवलेला गंगेचा मोहोरबंद गडू मी फोडला, तर आत थेंबही नव्हता. गंगेवाचून तिला कसे जाऊ द्यायचे? गडू नळाखाली धरला आणि एक चमचा तिच्या तोंडात घातला.

"आत्या, गंगा."

"नळाची चव कळते रे मला," ती क्षीण हसली. "एवढे संस्कृत शिकलास ना? नद्यांची नावे घेऊन दे, म्हणजे ह्याच पाण्यात येतील त्या."

घाबरून मी तेच विसरलो होतो. श्लोक म्हणू लागलो. गोदावरीपाशीच तिने तोंड उघडले. पण श्लोक अर्धा कसा सोडावा? कावेरीपर्यंत जाऊन चमचा पुढे केला, तोवर तिचे डोळे स्थिरावले होते.

नावांवाचूनचा तो पहिला घोट तिला पुरला असेल ना?