कावळा शिवू नये म्हणून

घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करणारा सूर्यभान दिसायला दांडगा, पण जीव सगळा भुताच्या गोष्टींत. भुतं मात्र त्याला निवडक लागत. रक्ताचा सडा, कवट्या, मांत्रिक असलं काही आलं की पुस्तक मिटून टाकायचा. मेलेलं माणूस गुपचूप घरी येतं, आपल्या जागेवर बसतं, कुणाला काही करत नाही, असलं भूत त्याला लई आवडायचं. दिवेलागणीला चुलीपुढं बसून तो मोठ्यानं वाचायचा. बायको राजेश्वरी भाकरी थापता थापता म्हणायची, "आवं, मरून बी ह्यान्ला घरचाच वढा? मी तर हिकडं फिरकायची बी न्हाई बघा." अन् तो जरा थांबला की, "मंग? पुढं काय केलं तिनं?"

औंदा तापाचं निमित्त झालं आणि राजेश्वरी गेली. दवाखान्यात शेवटी एवढंच बोलली, "माझी म्हस बाजारात उभी करू नका." म्हैस भाकड झाली होती, पण तिच्या हातची होती.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले, एकही खाली येईना. गेलेल्याची इच्छा राहिली असणार, हे सगळ्यांनी ओळखलं. राजेश्वरीचा भाऊ कल्याण हात जोडून म्हणाला, "ताई, पोरीची काळजी करू नको, आमी हाये." कावळा हलला नाही. मग सगळे सूर्यभानकडं बघायला लागले.

"दाजी, म्हशीचं बोला की!"

सूर्यभान गप्प. बोललं की ती सुटणार. जीव अडकला तरच माणूस परत येतं, जन्मभर त्यानं हेच तर वाचलं होतं. राहू दे इच्छा. येऊ दे घरी, बसू दे चुलीपुढं.

"म्हशीला गिऱ्हाईक आलंय वाटतं," मागून कोणीतरी कुजबुजलं. "दलालच त्यो!"

तेही त्यानं गिळलं. ऊन चढलं, पिंडाचा भात वाळायला लागला. तेव्हा लेक संस्कृती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "आण्णा, आई उपाशी हाय."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्या पुस्तकांतली माणसं परत यायची, बसायची, पण ती उपाशी असतात असं कुणी लिहिलं नव्हतं. तो धडपडत पुढं झाला.

"म्हस इकत न्हाई गं. दावणीलाच म्हातारी हुईल ती. तू जेव."

एक कावळा उतरला, चोच मारून उडाला, त्याच्यामागं बाकीचेही गेले. "सुटली बिचारी," म्हणत माणसं अंघोळीला उठली. सूर्यभान रिकाम्या बाभळीकडं बघत राहिला.

त्या दिवशी अंधार पडताना घरी दाराची कडी वाजली. वारा होता. एरवी त्याच्या अंगावर काटा आला असता. त्यानं उठून कडी लावली आणि म्हशीला वैरण टाकायला मागच्या दारानं गेला.